दोन्ही टाचा मोडलेला मुकादम

दिल्ली पोलिसात शिपाई म्हणून लागलो, फौजदार होऊन बाहेर पडलो. शिक्षण बेताचंच. पण पहाडगंजच्या चौकीतली ती केस अजून डोक्यातून जात नाही.

पानिपतहून कांबळ्यांनी, म्हणजे ब्लँकेटांनी भरलेला ट्रक गोदामात आला होता. माल उतरवून घेणारा मुकादम आपल्याकडचा, मराठी. तो ट्रकवरून खाली आला. ट्रकची उंची छातीएवढीच, पण दोन्ही टाचा मोडल्या. इस्पितळात जबाब दिला, ड्रायव्हरने ढकललं. ड्रायव्हरला आणून हवालातीत बसवलं. तो एकच सांगे, "मैं तो नीचे खड़ा था." कोणाबरोबर, असं विचारलं की गप्प. दटावून पाहिलं, तोंड उघडेना.

संध्याकाळी गोदामासमोरचा चहावाला चौकीत ग्लास ठेवताना हळूच बोलला, "साब, वो तो मुकादम की घरवाली से बतिया रहा था. डब्बा लेकर आई थी."

मी इस्पितळात गेलो. बायको उशाशी बसलेली. मी मुकादमाचे हात उलटेपालटे करून पाहिले. ढकललेला माणूस हात पुढे टाकतो, तळवे सोलवटतात. याच्या हातावर ओरखडा नाही. अशा टाचा मोडतात त्या पायांवर उडी घेणाऱ्याच्या.

"उडी कशाला मारलीस?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "त्याला धरायला. ही त्याच्याशी हसत होती, साहेब. माझ्याशी कधी हसते?"

"तू हसण्यासारखं बोलतोस कधी?" बायको म्हणाली. "पानिपतच्या लढाईचं ते स्मारक, काला अंब, बघायचा म्हणून वर्षभर डोकं खातोयस. त्याला विचारलं, परत जाताना आम्हा दोघांना ट्रकमधून नेशील का. तर म्हणाला, मुकादम रस्ताभर माझ्याच चुका काढेल. म्हणून हसले. आता बघ इथूनच पानिपत." आणि त्याच्या तोंडात घास कोंबला.

घास गिळून तो म्हणाला, "जबाब बदलून घ्या."

ड्रायव्हरला सोडलं. बाईचं नाव निघू नये म्हणून तो आत बसला होता.

तेव्हापासून मी पडलेल्याचे हातपाय आधी बघायचो, जबाब नंतर. आणि हेही कळलं, की बायकोवर संशय घेतला हे कबूल करण्यापेक्षा माणूस दुसऱ्याला आत टाकायला तयार होतो.

गेल्या हिवाळ्यात माझी बायको गेली. आता ती केस आठवली की तो मुकादम डोळ्यांपुढे येतो, शिव्या खात जेवणारा. त्याचा मला हेवा वाटतो. जळायला का होईना, त्याच्या घरात बायको होती.