फोनमधून येणारी पाहुणी

माझ्या थोरल्या मामाइतका पाहुण्यांसाठी जन्माला आलेला माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात दुसरा नसेल. मिठबावात त्याचं कौलारू घर आहे, लहानशी आंब्याची बाग आहे आणि मागीलदारी हापूसची कलमं बांधण्याचा जुना उद्योग आहे. पण त्याला विचाराल तर ही सगळी पाहुण्यांच्या सोयीसाठी केलेली व्यवस्था. विजेचा मीटर बघणारा माणूस मामाच्या वाडीत येई त्या दिवशी घरून डबा आणत नसे. चुकून लागलेला फोनसुद्धा मामा लवकर ठेवू देत नसे. एकदा आरोंद्याच्या एका गृहस्थांनी मेहुण्याला लावलेला फोन मामाला लागला. मामाने त्यांची, मेहुण्याची, दोघांच्या मुलाबाळांची सविस्तर चौकशी केली, आणि पुढच्या मे महिन्यात ते गृहस्थ सहकुटुंब आंबे खायला हजर झाले. मेहुणाही आला होता.

पाहुण्यांच्या बाबतीत मामाचा एकच नियम कडक होता. त्यांच्यापुढे घरचं रडगाणं काढायचं नाही. वादळात पडवीची अर्धी कौलं उडाली, तेव्हा आलेल्या पाहुण्यांनी वर बघून काळजीने विचारलं, तर मामा म्हणाला, "बरा झाला. हवा खेळती रवता." आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मला कणकवलीला नेऊन दाखल केलं ते मामानेच, आणि प्राचार्यांना मिठबावला यायचं आमंत्रण देऊनच तो परतला. आज मी कणकवलीतच एका ग्रंथालयात नोकरी करते. माझ्या पदवीत त्याचा वाटा किती, हे मला कोणी वेगळं सांगायला नको.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मामीचा फोन आला तेव्हा मी हातातली पुस्तकं खाली ठेवली. मामी म्हणाली, "मीटर बघणारो येवन गेलो गो, आणि हे खोलयेतून भायर येवक नाय." बाकी काही सांगायची गरजच नव्हती.

मी मामाला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टर घाटावरच्या होत्या, तरुण, शांत बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, हा नैराश्याचा आजार आहे, गोळ्यांनी आणि बोलण्याने बरा होतो. दर वेळी इतक्या लांब यायला नको. पुढच्या भेटी त्या फोनवर घेतील, व्हिडिओवर. घरी येताना एस.टी.त मामा दोनच वाक्यं बोलला. "बाई आपल्याकडे येतली म्हणता. खळा झाडूक होया."

पहिल्या भेटीच्या शनिवारी मी पोचले तर घरापुढचं खळं खरंच झाडलेलं होतं. मामा लग्नातला पांढरा शर्ट घालून बसला होता. मी फोन स्टुलावर ठेवायला गेले तर त्याने मला अडवलं. "पाहुणीक स्टुलार बसयतंस?" मग फोन आरामखुर्चीत बसला, उशीला टेकून, आणि मामा समोर बाकड्यावर. मामीने फोनपुढे चहा आणि खाजं ठेवलं. ती कुजबुजली, "ती खंयसून पितली?" मामा म्हणाला, "पिवची नसली तरी ठेवक होया." चहाच्या वाफेने पडदा धुरकटला आणि डॉक्टरांनी काळजीने विचारलं, "काका, तिकडे धुकं आहे का?"

डॉक्टरांशी मामा शुद्ध मराठीत बोलायचा, सरकारी अर्जात लिहावं तसं. झोप? "समाधानकारक." भूक? "आपल्या कृपेने उत्तम." मन? "प्रसन्न आहे. आपली प्रकृती कशी आहे?" तिसऱ्या भेटीत डॉक्टर म्हणाल्या, "छान. पुढच्या वेळी असंच असेल तर गोळी कमी करू." मामी माझ्याकडे बघत राहिली. मामा पहाटेपर्यंत जागा असायचा, ताटावरून अर्धवट उठायचा, आणि आदल्याच आठवड्यात तिला म्हणाला होता, "मी नसलंय तर तुमचा काय अडता?" हे डॉक्टरांना सांगू म्हटलं तर त्याने तिला बजावलं होतं, पाहुणीसमोर घरचं काढलंस तर बघ. चौथ्या भेटीच्या दिवशी मी ठरवून गेले, की आज तो पुन्हा "समाधानकारक" म्हणाला तर मी सगळं सांगून टाकायचं. चारचौघांत त्याची मान खाली घालायची, ज्याने मला मान वर करायला शिकवलं त्याची.

पण डॉक्टरांनी त्या दिवशी झोपेचं विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "काका, मी इतक्या वेळा येते, तुम्ही मला घर नाही दाखवलंत."

मामा ताडकन उठला. एवढी मोठी चूक आपल्या हातून झालीच कशी, असा त्याचा चेहरा झाला. गणपती घरी आणावा तसा त्याने दोन्ही हातांनी फोन धरला आणि निघाला. देव दाखवले, माजघर दाखवलं, चुलीपाशी बसलेल्या मामीला उभं करून दाखवलं. मागच्या दाराशी मात्र तो थांबला.

"मागे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"विशेष काही नाही."

"बघू तरी."

पाहुणीला नाही म्हणणं मामाला येत नव्हतं. तो उंबरा ओलांडून गेला. मागीलदारी काळ्या पिशव्यांतली कलमं ओळीने उभी होती, आणि एकूण एक वाळलेली. ज्याने दुसऱ्याच्या कुंपणातल्या रोपालासुद्धा जाता-जाता पाणी घातलं, त्याची.

"ही कोणाची?"

"माझीच," मामा म्हणाला. मग तो कपडे धुवायच्या दगडावर बसला आणि त्याची शुद्ध मराठी संपली. "पाणी घालूचा म्हणान उठतंय, आणि दारातसून परत फिरतंय. हात उचलणा नाय."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुमी इतक्या लांबसून येतास. तुमच्यापुढे ह्या वाढूचा?"

"काका, मी ह्यासाठीच येते," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का?"

मामाने जवळच्या कलमाचं वाळलं पान चुरगळलं. "वाटता. रोज नाय. पण वाटता."

मामी मागे येऊन उभी राहिली होती. तिने पुढे होऊन फोन आपल्या हातात घेतला. डॉक्टरांनी गोळी बदलली, गोळ्यांची पाकिटं मामीकडे ठेवायला सांगितली आणि कोणी त्याला एकटं सोडायचं नाही म्हणून बजावलं. मग म्हणाल्या, "मी परवा येते, आणि त्यानंतर दर आठवड्याला."

त्याला वर्षाच्या वर झालं. मामा हळूहळू वर आला; आधी भूक आली, मग झोप, मग वाद घालायची हौस. आणि जसजसा तो बरा होत गेला, तसतशा डॉक्टरांच्या भेटी लांबत गेल्या. आठवड्याऐवजी पंधरवड्याने, मग महिन्याने. तेव्हा मामाने नवीनच धंदा सुरू केला. हाच माणूस आता पाहुणीपुढे दुखणी मांडू लागला. "झोप जरा कमीच," तो म्हणायचा, आणि मामी माजघरातून ओरडायची, "काल घोरण्यान मांजर भायर पळाला." डॉक्टर हसायच्या. गेल्या महिन्यात त्या म्हणाल्या, "काका, आता सहा महिन्यांनी भेटू. मधे काही वाटलं तर लगेच फोन करा."

मामाने फोनला नमस्कार केला. पडदा काळा झाला तरी तो समोर बसूनच होता.

"रागावली काय गो ती?"

"नाय मामा. तू बरो झालंस."

"मगे बऱ्या माणसाकडे कोणी येवचाच नाय काय?"

माझी संध्याकाळची एस.टी. होती आणि पिशवी भरून दारात ठेवलेली होती. मी ती उचलून आत माजघरात नेऊन ठेवली. मामाने ते पाहिलं. तो आतल्या बाजूला तोंड करून मामीला एवढंच म्हणाला, "तांदूळ वायच वाढय. आपली बाय आज रवता."