तीसच्या खाली, तीसच्या वर

गोविंदपुऱ्यातल्या आमच्या कारखान्याच्या संगणकात साल दोनच आकड्यांत लिहितात. माझ्या जुन्या साहेबांनी जागा वाचवायला तसं ठरवलं होतं. शतक बदलायची वेळ आली तेव्हा तोडही त्यांनीच काढली. आकडा तीसच्या खाली असेल तर ते साल दोन हजारातलं, तीस किंवा वर असेल तर एकोणीसशेतलं. मी तेव्हा नवखी. विचारलं, "आणि खरंच तीस साल उजाडलं की?" साहेब हसले. "तोवर ही सिस्टीम राहतेय कुठे!" साहेब गेले पुण्याला. सिस्टीम राहिली, आणि तिच्या दावणीला मी.

यंदा माझा राजीनामा मंजूर झाला. लेक बंगळुरूला, पहिलटकरीण. तिला सासू नाही, जावई जहाजावर. "आई, तू आधीपासूनच येऊन राहा," म्हणाली. पिपलानीतलं क्वार्टर अर्धं आवरून झालं होतं. तेवढ्यात एका ठेकेदाराचा एकतीस सालापर्यंतचा करार भरायला घेतला, आणि संगणकाने तो एकोणीसशे एकतीसचा समजून नाकारला. मॅनेजर म्हणाले, "मैडम, बस ये ठीक कर दीजिए, फिर आप आज़ाद." नव्या पोरांना संगणकाची ती जुनी भाषा वाचताही येत नाही. "ये तो म्यूज़ियम में होना चाहिए," म्हणून खिदळतात. खिदळा मेल्यांनो, तुमचं काय जातंय!

काम एका ओळीचं. तीसच्या जागी चाळीस केले, करार भरला गेला, मी तिकीट काढलं. मग सवयीने जुनी नावं चालवून पाहिली आणि कपाळाला हात लावला. छत्तीस साली जन्मलेली बाई दोन हजार छत्तीसची झाली होती. म्हणजे अजून जन्मायचीच होती! तिचं दवाखान्याचं कार्ड बाद. निवृत्तांच्या विधवांना कारखाना औषधं देतो ती याच कार्डावर. आणि ही बाई म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू. त्यांचं इन्सुलिन तिथूनच येतं.

"ऐसी कितनी होंगी?" मॅनेजर म्हणाले. "काग़ज़ पर चला लेंगे." कागदावर! दवाखान्याची ती खिडकी मी पाहिलीय. पडद्यावर नाव नसेल तर आतला माणूस मानही वर करत नाही. खरा उपाय एकच, सगळीकडे साल चार आकडी करायचं. त्याला महिनोन् महिने लागणार, आणि ते करणारी मी एकटी. असा संताप आला म्हणून सांगू! साहेबांचा आला, मॅनेजरचा आला, आणि खोटं कशाला बोलू, काकूंचाही आला.

संध्याकाळी काकूच जिना चढून वर आल्या. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. "पोरीसाठी ने. आणि माझी काळजी करू नकोस हो, माझा दवाखाना आहे." मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी ती ओळ पुन्हा तीसवर आणली आणि मॅनेजरना सांगितलं, आता ठेकेदाराला चालवा कागदावर. मी गेले की कुणीतरी ती पुन्हा चाळीस करणारच, म्हणून तिकीट रद्द केलं आणि चार आकड्यांचं काम हाती घेतलं. डबा कुरियरने पाठवला.

नातू झाला तेव्हा मी त्याच खुर्चीत होते, अर्ध्याअधिक तारखा बदलायच्या बाकी. लेकीने व्हिडिओवर त्याचं इवलंसं नाक दाखवलं. म्हणाली, "आई, आता तरी तारीख सांग ना."

"लाडू पोचले का गं?" मी विचारलं.

"पोचले," ती म्हणाली आणि रडायला लागली.