पिओकाकांचं पाकीट

कोरियातल्या देगू शहरात मी शिकले त्या मुलींच्या शाळेचा निरोपाचा फोटो-अल्बम पिओकाकाच काढायचे. बारावीचे फोटो मे महिन्यात निघत. नोव्हेंबरात कॉलेजची प्रवेशपरीक्षा संपली, की बक्षीस म्हणून आया मुलींना डोळे मोठे दिसावेत यासाठी ऑपरेशनने पापण्यांना घडी पाडून घ्यायला डॉक्टरकडे नेत. फेब्रुवारीत निरोपाला निम्मा वर्ग नव्या डोळ्यांनी येई आणि अल्बमात मात्र जुनेच डोळे! मग काकांच्या स्टुडिओत ही रांग.

"काका, परत काढा ना फोटो!"

"मी फोटो काढतो, भविष्य नाही सांगत," काका खेकसायचे.

माझी आई म्हणाली होती, "माझ्यासारखे मिचमिचे डोळे तुला नकोत." तिनेच मला नेलं. सुजलेल्या पापण्या घेऊन मीही स्टुडिओत गेले.

"काका, निदान माझी निगेटिव्ह तरी जाळा."

"जाळली. पळ आता!"

केवढं हलकं वाटलं होतं तेव्हा.

पंचवीस वर्षांनी, परवा, स्टुडिओ बंद होतोय असं कळलं म्हणून लेकीला, ह्येरिनला, घेऊन गेले. काका ऐंशीचे झालेत, जीभ तशीच आहे. माझ्या नावाचं पाकीट त्यांनी पुढे सरकवलं.

"म्हणजे खोटं बोललात तुम्ही!"

"मग काय करणार? अठराव्या वर्षी कुणाला अक्कल असते?"

आईला जाऊन वर्षही झालेलं नाही. ह्येरिनने पाकिटातला फोटो काढला आणि बघतच राहिली.

"आई," ती म्हणाली, "आजीचा शाळेतला फोटो यांच्याकडे कसा?"