तीन टेबलं सोडून

आमच्या घरात कुत्रं आलं तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते आणि कुत्र्यांना घाबरायला लागून मला अडतीस वर्षं झाली होती. नाशिकला, सात वर्षांची असताना, दूध आणायला गेले होते. कोपऱ्यावरच्या एका कुत्र्यानं पोटरीचा लचका तोडला. मग सरकारी दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं. चावल्याचं दुखणं मी विसरले, पण दर वेळी माझे दोन्ही हात दाबून धरणारी नर्स अजून आठवते. तेव्हापासून रस्त्यात कुत्रं दिसलं की मी पलीकडच्या फुटपाथवर.

कुवेतला आल्यावर म्हणूनच मला फार सुटल्यासारखं झालं होतं. सालमियात आम्ही राहतो त्या भागात मांजरं कचऱ्याच्या प्रत्येक पेटीवर बसलेली असतात, कुत्रं मात्र क्वचितच दिसतं. मी बँकेच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी करते. ऑफिसातून घरापर्यंत निर्धास्त चालत यायचं, हे सुख मला इथेच पहिल्यांदा मिळालं.

नवरा मीना अब्दुल्ला या गावच्या रिफायनरीत इंजिनिअर आहे. एका सकाळी शिफ्ट संपवून येताना रस्त्याकडेला, वाळूत, त्याला वाळूच्याच रंगाचं एक पिल्लू दिसलं. लांब पाय, लांब तोंड, मागचा एक पाय मोडलेला. तो ते डॉक्टरकडे घेऊन गेला आणि प्लास्टर घालून घरी घेऊन आला. "पाय बरा होईपर्यंतच," तो मला म्हणाला. आमची मुलगी तेव्हा बारावीत होती. तिनं त्या पिल्लाला मांडीवर घेतलं आणि त्याच क्षणी मला कळलं की हे प्रकरण पायापुरतं राहणार नाही.

राहिलं नाहीच. कुत्री मुलीच्या खोलीत वाढली. मी त्या खोलीत जाणं सोडलं. मुलीनं तिला एक इंग्रजी नाव ठेवलं होतं. मी तिला कुठल्याच नावानं हाक मारत नसे. वर्षभरानं मुलगी पुण्याला शिकायला गेली. विमानतळावर ती माझ्या गळ्यात पडून रडली, ते मला सोडून जाताना असावं असं मला वाटलं. मग ती हुंदके देत म्हणाली, "आई, प्रॉमिस मी, यू विल वॉक हर."

मी कबूल केलं. नवऱ्याच्या शिफ्टा, त्यामुळे दुसरं कोणी नव्हतंच. मी साखळी तिच्या पट्ट्याला लांबूनच अडकवायचे. त्यासाठी पलंगावर चढायचे. खाली गेल्यावर ती पुढे आणि मी हात ताठ करून मागे. इमारतीचा इजिप्शियन राखणदार आम्हाला पाहून हसू दाबायचा. कोण कोणाला फिरवतंय, हे त्याला बघताक्षणी कळलं होतं.

ऑक्टोबरातल्या एका दुपारची गोष्ट. कुत्रीला लस टोचून गाडीनं परत येत होते. वाटेत आमच्या घराजवळच्या एका रेस्टॉरंटमध्ये मैत्रिणींबरोबर जेवण ठरलं होतं. घरी जाऊन तिला सोडून यायचा मी कंटाळा केला, हे खरं. दारातच वेटरनं हात आडवा केला. तो केरळचा, पन्नाशीचा. "मॅडम, कुत्ता अंदर नहीं." बाहेरची टेबलं उन्हानं तापून ओस पडलेली. मी तिला गाडीत ठेवलं, इंजिन आणि एसी चालू ठेवला आणि आत गेले. इथे लोक दुकानात जाताना गाड्या अशाच चालू ठेवून जातात. दहा मिनिटांत खाऊन येते, म्हटलं.

वीस मिनिटांनी आले तेव्हा गाडीचा आवाज येत नव्हता.

इंजिन बंद पडलं होतं. कधी, ते आजही मला माहीत नाही. दार उघडल्यावर आतून भट्टीसारखी झळ आली. ती मागच्या सीटसमोर खाली अंग टाकून पडली होती, जीभ बाहेर, डोळे अर्धवट मिटलेले. पुढचं मी विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. मी वाकले, दोन्ही हात तिच्या पोटाखाली घातले आणि तिला उचललं. मुलगी सात-आठ वर्षांची असताना तिला शेवटचं उचललं होतं, तितकीच जड. तिचं हृदय माझ्या मनगटावर धडधडत होतं. तो वेटर धावत आला. त्यानं रेस्टॉरंटच्या सावलीत ओल्या टॉवेलवर तिला ठेवायला लावलं, पाण्याच्या बाटल्या आणल्या आणि माझ्याबरोबर गुडघ्यांवर बसून तिच्या पोटावर, पायांवर पाणी ओतत राहिला. बऱ्याच वेळानं तिनं मान उचलली आणि माझा हात चाटला. मी हात मागे घेतला नाही.

संध्याकाळी मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती चिडेल, रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आई, यू पिक्ड हर अप? यू?"

त्या दिवसानंतर दोन गोष्टी बदलल्या. कुत्रीला गाडीत एकटं ठेवायचं नाही. आणि मी तिला हाक मारू लागले, "अगं." ती त्याला ओ द्यायला शिकली.

नोव्हेंबर सरता सरता उकाडा उतरला. इथली थंडी म्हणजे सगळ्या शहराला मिळालेली सुट्टीच. पाच-सहा महिने काचेआड काढलेली माणसं एकदम बाहेर येतात. फुटपाथवर टेबलं मांडली जातात, म्हातारी माणसं शाली पांघरून उन्हात बसतात. एका शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी त्या रेस्टॉरंटवरून चाललो होतो, तेव्हा वेटरनं ओळखून हात केला. "मॅडम, बाहर बैठिये. बाहर चलेगा." त्यानं मला अगदी कडेचं टेबल दिलं आणि तिच्यासाठी पाण्याचं भांडं. आपल्या कडक चहाला इथे करक म्हणतात. मी करक घेतला. ती टेबलाखाली पुढच्या पायांवर तोंड ठेवून पडली. मला इतकं बरं वाटलं की मी दुसऱ्या शुक्रवारीही गेले, तिसऱ्याही.

चौथ्या शुक्रवारी शेजारच्या टेबलाशी एक बाई आली. काळा पायघोळ अबाया, हातात वह्यांचा गठ्ठा, कुवेतीच असावी. खुर्ची ओढली आणि तिला टेबलाखालचं लांब तोंड दिसलं. ती ओरडली नाही. फक्त थांबली. खुर्चीच्या पाठीवरची बोटं पांढरी पडली, श्वास वरच्या वर अडकला, नजर कुत्रीवरून हलेना. हे सगळं मी माझ्या अंगात इतक्या वर्षांपासून ओळखत होते. "ती काही करत नाही," असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. हे वाक्य मला आजवर शंभर जणांनी ऐकवलं होतं. एकदाही त्याचा उपयोग झाला नव्हता.

मी साखळी मनगटाला गुंडाळली, तिला घेऊन उठले आणि तीन टेबलं सोडून पलीकडे जाऊन बसले. कुत्री माझ्या आणि भिंतीच्या मधे.

थोड्या वेळानं ती बाई तिथूनच, जागेवरून, इंग्रजीत म्हणाली, "थँक्यू. तुम्हाला कसं कळलं?"

"मीसुद्धा घाबरते," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग साखळीकडे, आणि खळखळून हसली. मलाही हसू आलं. तीन टेबलांवरून बोलायचं म्हणजे आवाज चढवावाच लागतो. त्यामुळे आमची पहिली ओळख सगळ्या फुटपाथनं ऐकली. ती सरकारी शाळेत गणित शिकवते, रुमैथियात आईबरोबर राहते, शुक्रवारी सकाळी इथे बसून वह्या तपासते. तिला नऊ वर्षांची असताना सुट्टीत वाळवंटात ठोकलेल्या तंबूपाशी कुत्रा चावला होता. मी इंजेक्शनांचं सांगितलं. "चौदा? पोटात?" तिनं दोनदा विचारलं आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

असे आम्ही दर शुक्रवारी भेटू लागलो. ती तिच्या टेबलाशी, मी माझ्या. मधली टेबलं कधी कमी होत गेली, हे कोणी ठरवलं नाही. जानेवारीत मधे एकच उरलं. माझ्या मुलीच्या परीक्षा, तिच्या आईचे गुडघे, ऑफिस, शाळा, असं सगळं बोलणं व्हायचं. कुत्री उठून अंग झाडायची तेव्हा ती बोलता बोलता थांबायची, मीही थांबायचे, आणि कुत्री खाली बसली की वाक्य पुढे सुरू व्हायचं. तिनं कधी कुत्रीला हात लावला नाही. मीही कधी लाव म्हटलं नाही.

फेब्रुवारीत एक गृहस्थ बायको-मुलांसह आले. आमच्यापासून बरेच लांब बसले होते, पण कुत्री दिसताच उठून माझ्यापाशी आले. माणसं जेवतात तिथे हे जनावर कशाला, असं मोठ्यानं विचारू लागले. तेवढ्यात ही माझी नवी मैत्रीण उठली. अरबीत काहीतरी बोलली, हळू आवाजात, पण एकेक शब्द सुटा. गृहस्थ बायको-मुलांना घेऊन निघून गेले.

"काय म्हणालात त्यांना?" मी विचारलं.

"म्हटलं, मला तुमच्यापेक्षा जास्त भीती वाटते. तरी मी बसले आहे, कारण या बाई माझी काळजी घेतात."

पुढच्या शुक्रवारी काचेवर नवी पाटी होती. कुत्र्याचं चित्र, त्यावर लाल काट. वेटर माझ्याकडे न बघता टेबल पुसत राहिला. मग जवळ येऊन म्हणाला, "मॅनेजर का ऑर्डर है, मॅडम. मैं क्या करूँ."

मला राग आला. पण तो नेमका कोणावर काढायचा, ते ठरेना. घरी येताना नाशिकची एक संध्याकाळ आठवली. मी कॉलेजात होते. बागेबाहेरच्या भेळेच्या गाडीपाशी एक आजोबा त्यांचं म्हातारं कुत्रं घेऊन बाकावर बसले होते. मी मैत्रिणींदेखत त्यांना बोलले, "काका, कुत्री काय सगळीकडे घेऊन फिरता? माणसांनी बसायचं की नाही?" ते उठले. अर्धी भेळ तशीच ठेवून, कुत्र्याच्या चालीनं, सावकाश निघून गेले. तेव्हा मला आपण फार धीट झालो असं वाटलं होतं. रेस्टॉरंटमधल्या त्या गृहस्थांची मुलं त्या सकाळी आईला बिलगली होती, हेही मी पाहिलं होतंच. भीती खोटी नसते. फक्त ती भरल्या जागेत शिरली की कोणाला तरी उठावं लागतं, आणि कोण उठणार ते बहुतेक वेळा ज्याचा आवाज मोठा त्याच्यावर ठरतं.

मैत्रिणीला फोन करून पाटीचं सांगितलं. ती म्हणाली, "मग पुढच्या शुक्रवारी आमच्याकडे या. आईला विचारते. कुत्रीलाही घेऊन या."

रुमैथियातलं त्यांचं घर दुमजली, पुढे फरशीचं अंगण, एका कोपऱ्यात बोराचं झाड. फाटकाशी तिची आई काठी टेकून उभी होती. "हला, हला," म्हणत तिनं माझे दोन्ही गाल चुंबले आणि मग कुत्रीकडे बघत मुलीला बरंच काही सांगितलं. मैत्रीण थोडी संकोचून म्हणाली, "आई म्हणते, घरात आम्ही नमाज पढतो, म्हणून ती आत येऊ शकत नाही. अंगणात झाडाखाली बसू दे. आणि आपणही मग अंगणातच बसू."

एवढं सरळ, न दुखवता, मला आजवर कोणी कुत्रीबद्दल सांगितलं नव्हतं. मी तिला बोराच्या झाडाला बांधलं. आईनं सतरंजी टाकायला लावली आणि गुडघे दुखत असताना स्वतःही बाहेर बसली. मटण-भाताचं मोठं ताट मधे आलं. आईला इंग्रजी येत नाही, मला अरबी दुकानापुरतं. मैत्रीण दोन्हीकडून सांगत होती. आईनं विचारलं, मुलगी इतक्या लांब गेली तर घर कसं वाटतं? मी म्हटलं, आवाज कमी झालाय. आई मान हलवत म्हणाली, तिची तीन मुलं वेगळी राहायला गेली तेव्हा ती महिनाभर जास्तीचा भात शिजवत होती.

निघताना आई स्वयंपाकघरात गेली आणि जर्मनचं एक जुनं पातेलं घेऊन आली. आत बिनमिठाची शिजवलेली कोंबडी, हाडं काढून बारीक केलेली.

"हे तिच्यासाठी," मैत्रीण म्हणाली. मग आईचं पुढचं बोलणं ऐकून तिचा चेहरा पडला. सांगावं की नाही, असं तिला झालं. "आई म्हणते, पातेलंही तुम्हीच ठेवा. तिचं तोंड लागल्यावर आमच्याकडे ते वापरता येणार नाही."

"शुक्रन," मी आईचे तिच्या भाषेत आभार मानले आणि पातेलं दोन्ही हातांनी घेतलं. आई प्रसन्न हसत होती. त्या बोलण्यात मला टोचावं असं काही होतं का, ते गाडीत बसल्यावर मी शोधून पाहिलं. सापडलं नाही. पहाटे उठून, गुडघे धरून, आपल्या मनात अशुद्ध असलेल्या जनावरासाठी तिनं हाडं निवडली होती.

घरी येऊन मी पातेलं गॅलरीत ठेवलं. अगं लगेच आली. मी तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि ती खाऊन होईपर्यंत बसून राहिले.