डाव्या पायाचे गिअर

इथे पहिल्यांदाच लिहितोय. आजवर फक्त वाचत आलो आणि खरं सांगतो, बरेचदा हसत वाचलं. आमच्या घरात हे प्रकार नव्हतेच. बाबांनी आम्हा दोघा बहीणभावांकडून लहानपणीच बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या होत्या. शेजारच्या काकू म्हणायच्या, आज अमावस्या आहे, पोरांना बाहेर सोडू नका... की बाबा मुद्दाम आम्हाला तिन्हीसांजेला किराणा आणायला पाठवायचे. मी स्वतः वाशिमला एका कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक आहे. पोरांना लंबकाचे झोके मोजायला लावणं हे माझं काम. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी मला राग नाही.

सगळं गाडीवरून सुरू झालं.

माझ्याकडे नऊ वर्षं शंभर सीसीची साधी गाडी होती. काळी, लाल पट्टेवाली, चार गिअरची. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला बाबांनी घेऊन दिलेली. गेल्या वर्षी मी साडेतीनशे सीसीची स्पोर्ट्स बाईक घेतली. लोक म्हणाले, वाशिमात एवढी गाडी पळवणार कुठे? बरोबरच होतं त्यांचं. पण पाच वर्षं मोबाइलवर तिचे व्हिडिओ बघत होतो, मला घ्यायचीच होती. शोरूमवाल्यांनी सवयीने चाकाखाली लिंबू ठेवलं, ते मी स्वतः उचलून बाजूला ठेवलं. (कृपया कॉमेंटमध्ये लगेच लिंबावर जाऊ नका. त्याचा इथे काही संबंध नाही.)

जुनी गाडी विकवेना. ती मी करुणाताईला दिली. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. शिरपूर जैनला राहते, तिथून आठ-दहा किलोमीटरवरच्या एका खेड्यातल्या उपकेंद्रात नर्स आहे. भाऊजी पुण्याला कंपनीत, मुलगी नववीत. रोज कुणाच्या तरी जीपमध्ये दाटीवाटीने जायची, परतीला कधी कधी तास तास उभी राहायची. गाडी तिला मीच शिकवली, शिरपूरच्या शाळेच्या मैदानावर. "ताई, सगळे पुढे. पंजानं दाबलं की वाढला, टाचेनं दाबलं की कमी." ती मोठ्याने मोजत चालवायची — एक, दोन, तीन, चार. मैदानावरची पोरंही तिच्याबरोबर मोजायला लागली होती. आठव्या दिवशी ती गाडी घेऊन एकटी उपकेंद्रात गेली. त्या गावात गिअरची गाडी चालवणारी ती पहिली बाई. संध्याकाळी फोनवर नुसती हसत होती.

इकडे माझीच पंचाईत झाली. ज्यांनी साध्या गाडीवरून मोठ्या गाडीवर उडी मारली आहे त्यांना हे माहीत असेल. साध्या गाडीचे सगळे गिअर दाबून पडतात, आणि स्पोर्ट्स बाईकचा फक्त पहिला दाबून, बाकीचे पंजा खाली घालून वर उचलायचे. म्हणजे एकीचं वाढवणं ते दुसरीचं कमी करणं. नऊ वर्षांची सवय पायात बसलेली. पुसद नाक्यावर तिसरा टाकायला गेलो आणि दाबून पहिला पडला... मागचं चाक फरफटलं, मागचा ॲपेवाला आईबहिणीवर आला. शोरूमचा माणूस म्हणाला, पंधरा दिवसांत पाय शिकेल. शिकलाही. मी रोज स्वतःला बजावायचो, जुनं विसर, उचल... उचल.

मग दिवाळीनंतर एक दिवस लॅबमध्ये स्टुलावर बसलो असताना डावा पाय आपोआप दाबल्यासारखा झाला. एकदा. थोड्या वेळाने परत. मग परत, परत. चार वेळा. आमचे शिपाई गजूभाऊ म्हणाले, "सर, पाय काहून आपटून राह्यले? मुंग्या आल्या काय?" मी म्हटलं, हो. मला वाटलं, जुनी सवय जाता जाता त्रास देतेय.

पण ते रोज व्हायला लागलं. सकाळी पावणेदहाच्या आसपास आणि संध्याकाळी सव्वापाचला. चार दाब, बराच वेळ काही नाही, मध्येच टाचेचा एक, लगेच पंजाचा एक, आणि शेवटी टाचेचे चार. झोपेत पाय झटकतो तसं नव्हतं हे. सावकाश, नीट, विचार करून पाय चालत होता, फक्त विचार माझा नव्हता.

एका मंगळवारी दुपारी साडेबाराला झालं. त्या वेळी कधी होत नसे. संध्याकाळी ताईला सहज फोन केला तर म्हणाली, "आज दुपारीच निंगाव लागलं रे. वस्तीवर एक बाई अडली होती." मी शांतपणे विचारलं, किती वाजता? म्हणाली, "साडेबारा असतीन. काहून?"

मी लॅबवाला माणूस, एका रीडिंगवर विश्वास ठेवत नाही. एका जुन्या जर्नलच्या मागच्या पानावर वेळा लिहायला लागलो आणि संध्याकाळी इकडचं तिकडचं बोलून ताईकडून तिच्या वेळा काढायला लागलो. बारा दिवस. बारा दिवस जुळल्या. मधला तो टाचेचा एक आणि पंजाचा एक... तोही विचारला. "नाल्यापाशी खड्डा हाये न, तिथं तिसऱ्यावर घेते मी. तुले काय करायचं हाये पण? आरटीओत लागला काय?"

घाबरायला हवं होतं. पण मी घाबरलो नाही, हे कबूल करतो. उलट मला ते आवडायला लागलं. संध्याकाळी टाचेचे चार पडले की मनात म्हणायचो, पोचली. भाऊजी तिकडे, पोरगी शिकवणीला, आई-बाबा आता नाहीत, तिची वाट बघणारं त्या वेळी कुणी नसायचं. मी होतो. पूर्वी तिला रोज "पोचलीस का" असा मेसेज टाकायचो, तो बंद केला.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातच आली नाही. एवढं विज्ञान शिकून आली नाही. तिचा पाय माझ्या पायात येत असेल, तर माझा कुठे जात असेल? पायाचं हे सुरू झाल्यापासून नवी गाडी मी घराबाहेर फक्त रविवारी सकाळी काढली होती. कॉलेज घरापासून पाच मिनिटांवर, तिथे चालतच जायचो. रविवारी ताईला सुट्टी. त्यामुळे आम्ही दोघं एकाच वेळी गाडीवर कधी नव्हतोच.

त्या शनिवारी कॉलेज लवकर सुटलं. गाडीची पहिली सर्व्हिसिंग होऊन गेली होती, आता पूर्ण पिळायला हरकत नव्हती. मालेगाव, जऊळका करत शेलूबाजारपर्यंत गेलो, आणि पुढे रस्ता सरळ लागल्यावर म्हटलं, आज बघूच. तिसरा. चौथा. गाडीचा आवाज बदलला, हेल्मेटमध्ये वारा घुसला. काय सांगू, इतकी वर्षं ज्याच्यासाठी थांबलो ते हेच होतं. पाचवा उचलायला पंजा खाली घातला तर लिव्हर जड लागला. वरून कुणीतरी दाबून धरल्यासारखा. नवी गाडी आहे, होतं असं, म्हणून मी जोर लावला. पडला. सहावाही तसाच, जड. मी अजून जोर लावला.

आणि एकदम पाय हलका झाला. अगदी रिकामा... दाराला टेकून उभं असावं आणि दार उघडावं तसा.

गाडी कशी वळवली, शेलूबाजारच्या चहाच्या टपरीवर कसा थांबलो, मला नीट आठवत नाही. बाकड्यावर बसून पायाकडे बघत होतो. चार वाजून गेले होते. शनिवारी ताईच्या उपकेंद्रात लसीकरण असतं, ते आटपून ती या सुमारालाच परत निघते. टाचेचे चार पडायची वाट बघत होतो. पडले नाहीत. फोन केला, उचलला नाही. परत केला. पाचव्या वेळी उपकेंद्राच्या गावातल्या आशा वर्कर ताईंनी उचलला. "भाऊ, सिस्टर पडल्या. घाबरू नका, बोलून राह्यल्या. शिरपूरच्या दवाखान्यात आणलं आमी. चांगली चालली होती म्हणते गाडी, गिअर आपोआप कमी झाले म्हणते."

मी बाईकवर बसलो. पहिला दाबला, निघालो. दुसऱ्यासाठी पंजा खाली घातला... आणि उचलवेना. ताई दवाखान्यात आहे, तिची गाडी कुठेतरी पडलेली आहे, आता कुणाचं काय बिघडणार, हे सगळं डोक्याला कळत होतं. पाय ऐकत नव्हता. माझ्याखाली साडेतीनशे सीसी होते, पुढे चाळीसेक किलोमीटर रस्ता होता, बहीण पडलेली होती, आणि मी पहिल्या गिअरवर चाललो होतो. इंजिन नुसतं किंचाळत होतं. जऊळक्याला सोयाबीनचे ट्रॅक्टर मला ओव्हरटेक करून गेले. एक म्हातारे बाबा मोटरसायकल शेजारी आणून ओरडले, "अबे, गिअर टाक न!" मी हेल्मेटच्या आत रडत होतो. मालेगावपर्यंत तसाच आलो, तिथे एका ओळखीच्याच्या दारात गाडी लावली आणि शिरपूरची जीप धरली.

ताईचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, हनुवटीला सात टाके. मला बघून तिलाच वाईट वाटलं. म्हणाली, "तुह्या गाडीचं वाटोळं केलं रे मी." मी विचारलं, काय झालं.

"काय झालं थे मलेच नाही समजलं. चौथ्यावर चालली होती मस्त. अन् पायाखाली लिव्हर वर यायले लागला. मी पंजानं दाबून धरला, तं खालून कोणतरी जोर लावून राह्यलं. तिसरा पडला, दुसरा पडला. गाडी हिसके देऊन राह्यली. मी आखीन दाबला... त्यानं आखीन जोर लावला. मंग मांगचं चाकच धरलं."

मी तिच्या पायाकडे बघत होतो. डाव्या पंजाच्या तळव्याला काळानिळा पट्टा उमटला होता, लिव्हरच्या रुंदीचा. माझ्या बुटावर वरच्या बाजूला त्याच जागी घासल्याची खूण होती. ती तर प्रत्येक स्पोर्ट्स बाईकवाल्याच्या बुटाला असते, म्हणून मी ती पुरावा धरत नाही.

गाडी मेकॅनिककडे टाकली. त्याने गिअरबॉक्स पूर्ण उघडला. "काहीच नाही झालं याले," म्हणाला, "ताईनंच घाबरून टाच मारली असन." हे सगळ्यांना पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं.

त्या दिवसापासून माझी बाईक कव्हरखाली आहे. मित्र विचारतात, विकायची आहे का? विकली तर जो घेईल तो चालवेल, आणि मग काय होईल ते मला माहीत नाही. म्हणून विकतही नाही. पण खरी अडचण ताईची आहे. दोन महिन्यांनी हाड जुळलं आणि ती परत त्याच गाडीवर बसली. मी म्हटलं, ताई, स्कूटी घेऊन देतो, गिअरची भानगडच नको. "त्या नाल्यातून स्कूटी निंगते काय?" मी म्हटलं, मग माझी गाडी मला परत दे. तर चक्क रागावली. "देऊन वापस मांगतो काय? त्या गावात बाया मले पाहून गाडी शिकून राह्यल्या. एकदा पडली म्हणून सोडू?"

शेवटी एकदा हिंमत करून पायाचं सांगितलं. वेळांचं, जर्नलचं, सगळं. फक्त शेलूबाजारचं नाही सांगितलं. ती पोट धरून हसली. म्हणाली, "बाबा असते तं बाविसच्या बावीस प्रतिज्ञा उलट्या म्हणायले लावल्या असत्या तुले." मग माझा चेहरा बघून म्हणाली, डॉक्टरला दाखव, नसेचं असन. दाखवलं. नस चांगली आहे.

आता रोज पावणेदहाला आणि सव्वापाचला मी बूट काढून पाय फरशीवर ठेवतो आणि गुडघ्यावर दोन्ही हात दाबून बसतो. तो दाबतो, मी दाबू देतो. एक, दोन, तीन, चार. नाल्यापाशी टाच, पंजा. टाचेचे शेवटचे चार पडेपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. गजूभाऊंना वाटतं मी ध्यान करतो. ते पोरांना शांत बसवतात.

हे आज लिहायला बसलो कारण परवा संध्याकाळी प्राचार्यांनी तातडीने वर बोलावलं. सव्वापाच व्हायला वेळ आहे असं वाटलं, पण लॅबचं घड्याळ मागे होतं. जिन्यावर डाव्या पायाला ठेच लागली आणि पंजा एकदम वर उचलला गेला. मी तिथेच पायरीवर बसलो, फोन लावला. तीन वेळा वाजून थांबला. चौथ्यांदा ताईने उचलला. मागे गाडी चालू असल्याचा आवाज येत होता.

"बोल रे. गाडीवर हावो मी."

मी म्हटलं, काही नाही, सहजच केला.

"सहज कायले? आत्ता गाडीनं हिसका देला मोठा, पडताच वाचली. थांबली हावो बाजूले. तुले कोणं सांगतलं?"

ती हॅलो हॅलो करत राहिली आणि मग तिने फोन ठेवला. थोड्या वेळाने पायाने पहिला दाबला.

इथे जाणकार लोक आहेत म्हणून लिहिलं. हे काय आहे, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तुमच्याकडेही असेल असं वाटत नाही. उत्तर नसलं तरी चालेल. ताईच्या नोकरीची अजून वीस वर्षं आहेत. तेवढी वर्षं एक पाय कसा सांभाळायचा, एवढं कुणाला माहीत असेल तर सांगा.