तिसऱ्या मजल्यावरची कळ

लिफ्ट बंद पडली की लोक जिन्याच्या नावाने बोटं मोडतात. अण्णांचं मात्र पोटच बंद लिफ्टवर चालायचं. मोटरची खोली नेमकी गच्चीवर, त्यामुळे हत्यारांची पिशवी खांद्याला लावून सात मजले चढणं आलंच.

गेले तीन महिने तिसऱ्या मजल्यावर छाती आवळून यायची. अण्णा कठड्याला टेकायचे. कुणी विचारलंच तर, "लिफ्ट कुठे अडकलीय बघतोय," म्हणून थाप मारायचे. पाच मिनिटांनी कळ जायची आणि गंमत म्हणजे उरलेले चार मजले ते आरामात चढायचे. घरी मात्र अवाक्षर नाही.

एका सकाळी असंच झालं. थांबले, चढले, कामाला लागले. तासाभराने मोटरचं झाकण उघडताना पुन्हा कळ आली, ती हटेना. शर्ट घामाने चिंब. अण्णांनी मुकाट्याने वॉचमनला फोन लावला.

हॉस्पिटलात बंद पडलेली रक्तवाहिनी मोकळी केली गेली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा बायको उशाशी बसली होती.

"अशा वेळी ठोके भरकटण्याची मोठी भीती असते," बाई म्हणाल्या. "तुमचे फारसे भरकटले नाहीत. त्या दिवशी आधी काही त्रास झाला होता?"

अण्णांनी चाचरत त्या सकाळची आणि गेल्या तीन महिन्यांतली जिन्यातली कळ सांगितली.

"हृदयाला थोडा वेळ रक्त कमी पडून परत मिळालं, की ते तासाभरापुरतं सावध होतं. मग मोठी टंचाई आली तरी ठोके कमी बिघडतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे दिसलंय. तुमचंही तसंच झालं असेल. छातीठोक नाही सांगता येणार."

अण्णांची कळी खुलली. "म्हणजे माझी तालीमच चालली होती म्हणा ना."

"तालीम कसली? ती धोक्याची खूण होती. तेव्हाच आला असता तर कदाचित ही वेळ आली नसती."

बाई गेल्या.

"तीन महिने," बायको म्हणाली. "आणि मी समजत होते, माझ्यावर रुसून गप्प बसता."

अण्णांनी तिचा हात धरला, तिनेही सोडवून घेतला नाही.

घरी आल्यावर अण्णांनी काही लपवायचं नाही असं ठरलं. त्यांनी ते मनावरच घेतलं. गुडघा, दाढ, मानेतली उसण, सगळ्याचा रोज अहवाल. नवव्या दिवशी बूट चावतो म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, "छातीचं तेवढं सांगत जा. बुटाचं तुमचं तुम्ही बघा."