ड्रेशर बाईंची पहिली इयत्ता

ओपलचं व्हर्न ड्रेशरशी लग्न झालं आणि त्याच महिन्यात तिची शाळेतली नोकरी गेली. हे १९३६ साल. ओहायोतल्या वेल्टन गावात लग्न झालेल्या बाईला शाळेत ठेवायचं नाही, असा रिवाज होता, आणि तो ओपललाही ठाऊक होता. तरी हेडमास्तर हॉलिस पिटमन यांनी तिला व्हरांड्यात गाठून समजावून सांगितलं.

"वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला आता पोसणारा माणूस मिळालाय. गावात निम्मे पुरुष रिकामे बसलेत. एका घरात दोन पगार जाऊ दिले तर लोक मला काय म्हणतील?"

"व्हर्नच्या वखारीत आठवड्यातून तीनच दिवस काम असतं," ओपल म्हणाली.

"पण पुरुष आहे ना तो," पिटमन म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले.

ओपलने चार वर्षं पहिलीला शिकवलं होतं. तिच्या जागी कोणी आलंही नाही. गावात मुलंच कमी होती. मंदीत तरुण मंडळी लग्नं पुढे ढकलत होती, लग्न झालेली पाळणा पुढे ढकलत होती. शाळेतल्या दोन खोल्यांना कुलूप लागलं, त्यांत जुनी बाकं रचून ठेवली गेली. ओपलला एकच मुलगा झाला, रसेल. त्याच्या वर्गात इतकी थोडी मुलं होती, की धड चेंडू झेलता न येणारा रसेलसुद्धा शाळेच्या बेसबॉल संघात होता. त्याला वगळलं असतं तर संघच झाला नसता. पुढे तो इंजिनियर झाला तेव्हाही तेच झालं. त्याच्या वयाची माणसं कमी आणि कामं भरपूर, त्यामुळे कंपन्याच त्याला शोधत आल्या. रसेलला हे सगळं स्वतःच्या हुशारीचं फळ वाटायचं. ओपल त्याला काही बोलत नसे.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली आणि गाव बदललं. मंदीने आणि लढाईने जे जे लांबवलं होतं ते लोकांनी एकदमच मनावर घेतलं. परत आलेल्या शिपायांना सरकार घरासाठी कर्ज देत होतं. गावाच्या पूर्वेला कांद्याची शेतं होती, ती एका बिल्डरने घेतली आणि दोन वर्षांत तिथे एकसारखी घरं उभी केली. इतकी एकसारखी, की नव्याने राहायला आलेला माणूस कामावरून परतताना चुकून शेजाऱ्याच्या दारात उभा राहायचा. प्रत्येक दाराशी बाबागाडी. दोऱ्यांवर लंगोटच लंगोट. व्हर्नच्या वखारीत आठवड्याचे सातही दिवस काम निघू लागलं. मालकाने त्याला भागीदार करून घेतलं. औषधांच्या दुकानात बाळांच्या दुधाच्या बाटल्या आणि बुचं मिळेनाशी झाली. सायकलवाल्याने शेजारचं शिंप्याचं दुकान विकत घेतलं.

मग ती मुलं सहा वर्षांची झाली.

१९५३च्या ऑगस्टअखेर ओपल स्वयंपाकघरात टोमॅटो बरण्यांत भरत होती. मागच्या दारावर टकटक झाली. जाळीपलीकडे पिटमन उभे होते. आता ते गावच्या सगळ्या शाळांचे सुपरिंटेंडंट होते, पोट सुटलेलं, टोपी हातात.

"या," ओपल म्हणाली. "मला हात थांबवता यायचा नाही. टोमॅटो उतू जातील."

ते खुर्चीवर बसले. हवा कशी आहे, रसेल कितवीत आहे, हे झालं. ओपलने उकळत्या पाण्यातून काढलेल्या टोमॅटोचं पातेलं त्यांच्यापुढे ठेवलं आणि सुरी दिली.

"बसलाच आहात तर सालं काढा. गरम आहेत, जपून."

पिटमननी एक टोमॅटो सोलला. मग दुसरा. मग म्हणाले, "मिसेस ड्रेशर, पुढच्या आठवड्यात शाळा उघडतेय. पहिलीला गेल्या वर्षीच्या दुपटीने मुलं आहेत. माझ्याकडे खोल्या नाहीत, बाकं नाहीत, आणि शिक्षक तर नाहीतच."

"पुरुष मिळत नाहीत का?"

"पुरुष कारखान्यात जातात. तिथे जास्त मिळतं."

"आणि कुमारिका?"

पिटमननी सुरी खाली ठेवली. "कुमारिका कुठे उरल्यात आता? एकोणीस वर्षांची झाली की लग्न, विसाव्या वर्षी मूल. माझ्याकडे लागलेल्या तिघीजणी नाताळपर्यंत टिकल्या तर नशीब."

ओपलने बरणीचं झाकण आवळलं. "पण मी तर लग्न झालेली बाई आहे. रिवाजाचं काय?"

"शाळा मंडळाने तो रिवाज मे महिन्यातच रद्द केला."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तेच सांगायला आलोय," पिटमन म्हणाले. त्यांच्या बाहीवर टोमॅटोचा रस ओघळला होता आणि ते तो रुमालाने पुसत होते.

ओपलने एकच अट घातली. तिची आधीची चार वर्षं आणि मधली घरी बसलेली वर्षं, सगळी नोकरीत धरायची.

"मधली कशी धरणार? एवढा मोठा खंड पडलाय."

"खंड मी नाही पाडला."

पिटमननी आणखी दोन-तीन टोमॅटो सोलले आणि कबूल झाले. संध्याकाळी व्हर्नला कळलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, पण तुला करायचंय का? की त्याला सालं काढायला लावायचीच हौस होती?"

"दोन्ही," ओपल म्हणाली.

तिला वर्ग मिळाला तो अग्निशमन ठाण्याच्या वरच्या मजल्यावर. खाली बंब, वर पहिली इयत्ता. सकाळी एक तुकडी, दुपारी दुसरी, आणि प्रत्येकीत पन्नासाच्या आसपास पोरं. भोंगा वाजला की सगळा वर्ग खिडकीकडे धावायचा. पहिला आठवडाभर ओपल ओरडली. मग तिने नाद सोडला. बंब निघून गेला की मुलं आपोआप जागेवर यायची, आणि नंतरचा अर्धा तास फार चांगली गप्प बसायची.

खुर्च्या पुरत नव्हत्या, म्हणून बारकी मुलं दोघादोघांत एक खुर्ची घेत. जॅनिस कोवाल्चिक ही त्यांतली एक. बाप रेफ्रिजरेटरच्या कारखान्यात, आईच्या कडेवर एक आणि पोटात एक. जॅनिस अर्ध्या खुर्चीवर बसून अक्षरं गिरवायची आणि शेजारच्या मुलाने ढकललं तरी तक्रार करायची नाही. एकदा ओपलने विचारलं, "तो तुला ढकलतो, तू सांगत का नाहीस?"

"आमच्या घरीपण असंच असतं, बाई," जॅनिस म्हणाली.

दोन वर्षांनी कांद्याच्या शेतांपलीकडे नवी शाळा झाली. लोकांनी मतदान करून स्वतःवर कर वाढवून घेतला. त्या काळी शाळेच्या करासाठी नाही म्हणणारा माणूस वेल्टनमध्ये सापडणं कठीण होतं. पण शाळा बांधून होईपर्यंत मुलं आणखी वाढलेली असायची. खालचे वर्ग निभावले की वरचे तुंबायचे. ओपलच्या पहिल्या तुकडीतली मुलं जिथे जात तिथे आधी गर्दी व्हायची आणि मागून इमारत यायची. ती गिटार मागू लागली तेव्हा वाद्यांचं दुकान निघालं. ती गाड्या मागू लागली तेव्हा हमरस्त्यावर गाडीत बसूनच हॅम्बर्गर खायची जागा निघाली. पुढे लढाईला माणसं हवी होती, तीही त्यांच्यातलीच गेली. जॅनिसच्या अर्ध्या खुर्चीचा शेजारी, टेरन्स बूथ, व्हिएतनामहून पेटीत परत आला. दफनविधीला ओपल मागच्या रांगेत उभी राहिली. तो ढकलायचा एवढंच तिला त्याच्याबद्दल नीट आठवत होतं, आणि त्याची तिला लाज वाटली.

जॅनिस १९६९ मध्ये शिक्षिका होऊन वेल्टनला परतली आणि ओपलच्या शेजारच्या वर्गात लागली. पहिल्या दिवशी ती दारात घुटमळली.

"आता मी तुम्हाला काय म्हणायचं, बाई?"

"ओपल म्हण."

"ते जमायचं नाही," जॅनिस म्हणाली, आणि तिने बाईच म्हणणं चालू ठेवलं.

सहा-सात वर्षं दोघी शेजारी शिकवत होत्या. जॅनिसचं लग्न झालं, मुलगी झाली, लग्न मोडलं. दुपारच्या सुट्टीत दोघी एकत्र डबा खायच्या. पलीकडच्या खोलीत संगीताचे मास्तर लोवेल फिंच अकॉर्डियन वाजवायचे, नेमकी ओपलची बेरीज-वजाबाकी चालू असताना. ओपलने त्यांच्याविरुद्ध दोनदा तक्रार केली होती.

आणि मग मुलं कमी होऊ लागली. जॅनिसच्या वयाच्या बायकांना दोन पुरे वाटत होती, काहींना एकही नको होतं. त्या कामावर जात होत्या. एकसारख्या घरांतली पोरं मोठी होऊन निघून गेली आणि म्हातारे होत चाललेले आईबाप तिथेच राहिले. त्यांना आता शाळेचा कर जड वाटू लागला. १९७६ साली, दोघी शिकवत होत्या तीच कांद्याच्या शेतांपलीकडची शाळा बंद करायचं ठरलं. सगळ्यात शेवटी लागलेले शिक्षक सगळ्यात आधी जाणार होते. जॅनिस त्यांत होती. ओपलची मधली वर्षं धरलेली असल्यामुळे तिला कोणी हात लावू शकत नव्हतं.

ओपल चौसष्ट वर्षांची होती. तिने व्हर्नशी बोलून घेतलं आणि नव्या सुपरिंटेंडंटला जाऊन भेटली. पिटमन केव्हाच निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेले होते.

"मी आत्ता सोडलं तर एकाला ठेवाल?"

"ठेवता येईल. नंबर जॅनिस कोवाल्चिकचा लागतो."

"मग मी सोडते."

सही करून ती तडक जॅनिसच्या वर्गात गेली. मुलं घरी गेली होती. जॅनिस भिंतीवरची चित्रं उतरवत होती.

"ती राहू दे," ओपल म्हणाली. "दुसऱ्या शाळेत तुझी जागा ठरलीय. मी सोडलं."

जॅनिस स्टुलावरून खाली उतरली. "काय केलंत?"

"मला एक वर्षच राहिलं होतं. तुला पोर आहे."

"मला विचारलंत?"

विचारायचं ओपलच्या मनातच आलं नव्हतं.

"मी सोमवारी बँकेला हो म्हणून आले," जॅनिस म्हणाली. "जूनपासून तिथे जाणार."

"तू मला बोलली नाहीस."

"तुम्हीही नाही बोललात." जॅनिसने चित्रं टेबलावर ठेवली. तिचा आवाज चढला नव्हता. "बाई, पहिलीत मला अर्धी खुर्ची होती. सातवीत दोन पाळ्या. कॉलेजात एका खोलीत तिघी. इथे नोकरीला आले तेव्हा एका जागेला चाळीसजणी. आणि आता मुलं नाहीत, तर जा घरी. जन्मल्यापासून मी जास्तीचीच आहे. तुम्ही सरकून मला जागा केलीत, मला कळतं ते. पण कोणी सरकून दिलेली जागा मला आता नको."

"बँकेत काय करणार तू?"

"शिकेन. तिथे बायका कमी आहेत."

ओपलने तिला समजावायचा प्रयत्न केला, मग राग आला म्हणून सोडून दिला. दुसऱ्या दिवशी ती सुपरिंटेंडंटकडे गेली. सही झालेली होती आणि ती मागे घेता येत नव्हती. वाचलेली जागा यादीतल्या पुढच्या माणसाला गेली. तो माणूस लोवेल फिंच.

घरी येऊन तिने व्हर्नला सांगितलं. व्हर्न हसायचा थांबेना.

"म्हणजे त्या अकॉर्डियनसाठी तू नोकरी सोडलीस."

"तुला हसू येतंय."

"मग काय करू? रडू?" तो म्हणाला. "छत्तीस साली तुला घरी बसवलं तेव्हा तुलाही कोणी विचारलं नव्हतं. त्यात निदान पिटमन तरी खूश झाला होता."

ओपल त्याच्याशी त्या रात्री बोलली नाही. पण त्याचं म्हणणं तिच्या डोक्यात राहिलं. जॅनिसचं भलं कशात आहे हे तिने परस्पर ठरवून टाकलं होतं आणि पिटमनसारखीच, टोपी घालून निघाल्यागत निघून आली होती.

दोघींची गाठ तीन वर्षं पडली नाही. वेल्टनसारख्या गावात हे सोपं नव्हतं, दोघींनी त्यासाठी बरीच खटपट केली असणार. १९७९च्या हिवाळ्यात व्हर्न हृदयविकाराने गेला. दफन झाल्यावर घरात माणसांची गर्दी होती, रसेल कॅलिफोर्नियाहून आला होता. जॅनिस नूडल्स आणि ट्यूना मासा घालून भाजलेल्या पदार्थाचं भांडं घेऊन मागच्या दाराने आली आणि सरळ मोरीत साचलेल्या बशा धुवायला लागली. ओपलने फडकं घेतलं आणि शेजारी उभी राहिली.

"बँक कशी आहे?"

"शाखेची दुसऱ्या नंबरची अधिकारी आहे आता. पहिल्या नंबरचा माझ्याहून लहान आहे आणि त्याला येत काही नाही."

"पुरुष आहे ना पण तो," ओपल म्हणाली.

जॅनिस हसली. ते वाक्य मुळात कोणाचं, हे तिला माहीत नव्हतं.

"मी तुला विचारायला हवं होतं," ओपल म्हणाली.

"हो." जॅनिसने पुढची बशी पाण्यात बुडवली. "विचारलं असतंत तरी मी नाहीच म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं."

मग त्या फिंचबद्दल बोलल्या. जॅनिसची मुलगी आता त्यांच्याच वर्गात होती. वर्गात एकोणीस मुलं, आणि अकॉर्डियनच्या जोडीला फिंचनी आता ट्रम्पेटही आणलं होतं.

"शेजारच्या बाईंनी तक्रार केलीय म्हणे," जॅनिस म्हणाली.

"कोण आहे ती? मला नंबर दे तिचा," ओपल म्हणाली, आणि पुसलेल्या बशा कपाटात रचू लागली.